दहापैकी दहा

बालवाडीतल्या तपासणीच्या बाईंना समोर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'फूटपट्टी'. शिकवायला दुसऱ्या होत्या, या फक्त पोरांची वाढ मोजत. त्यांच्या खोलीत भिंतीला उंचीची पट्टी, कोपऱ्यात वजनकाटा आणि टेबलावर पत्र्याचं एक तबक. चार वर्षांचं पोर समोर आलं की त्याला दहा कामं. ठोकळ्यांचा मनोरा, मणी ओवणं, गोल बघून गोल काढणं, कात्रीने कागद कापणं, बटण लावणं, चेंडू झेलणं, चेंडू खुर्चीवर नेऊन ठेवणं, एका पायावर उभं राहणं, नाव सांगणं आणि शेवटी, भूक लागली की काय करतोस? सव्वीस वर्षं हाच क्रम. बाईंचा हात एक वस्तू ठेवून दुसरी आपसूक उचलायचा, 'खुर्ची' म्हणायच्या आत नजर खुर्चीकडे गेलेली असायची. सहापेक्षा कमी आले की कार्डावर लाल शाईने एकच शब्द: मागे.

जिभेला हाड नव्हतंच. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी एक बाई होती, तिच्या पोरीला पाच आले. तिच्या तोंडावर बाई म्हणाल्या, "मंद आहे तुमची मुलगी. लाड कमी करा नि चार शब्द शिकवा." शिंपिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी कार्ड तिच्या हातात कोंबलं आणि "चला, पुढचं!" म्हणून हाक मारली. शिंपीण मात्र घरी रडत बसली नाही. पोरीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पोर मंद नव्हती, तिला ऐकूच येत नव्हतं. कानाला यंत्र लागलं आणि वर्षभरात ती अशी बडबडायला लागली की आईनेच कानावर हात ठेवावेत.

मग बाईंची नात चार वर्षांची झाली. लेक दिवसभर कारखान्यात, नात आजीजवळ. पोर गोड, पण बोलणं मोजकंच आणि तेही बोबडं. "हिची आई तरी कुठे लवकर बोलली?" असं बाई सगळ्यांना ठणकावून सांगायच्या. मनातून मात्र धाबं दणाणलं होतं. फूटपट्टीच्याच घरात 'मागे' निघालं असतं, तर ज्या आयांना रडवलं त्यांनी तोंडात शेण घातलं असतं! बाईंनी तबक घरी आणलं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नातीला अगदी समोर बसवायचं आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात, त्याच क्रमाने, दहा कामं करून घ्यायची. शेवटचं झालं की टाळ्या. दोन महिन्यांत पोर तरबेज झाली. कार्डावर दहापैकी दहा आले, खाली बाईंची झोकदार सही.

त्याच महिन्यात मायलेकी नातीचा फ्रॉक शिवायला शिंपिणीकडे गेल्या. टेप घेऊन ती पोरीच्या मागे उभी राहिली. "हात वर कर गं." पोर ढिम्म. शिंपिणीने बटणांचा डबा घेतला आणि तिच्या पाठीमागे हळूच खुळखुळवला. पोर समोरच्या रंगीत रिळांकडे बघत राहिली.

"बाई, राग मानू नका," शिंपीण म्हणाली, "हिचे कान दाखवा. माझीचं असंच होतं."

"तुमची पोर आणि माझी नात एका टेपने मोजू नका," बाई कडाडल्या. कापड उचललं आणि तरातरा बाहेर पडल्या.

घरी लेकीने भीत भीत विचारलं, "आई, एकदा नेऊन आणू का?"

"सव्वीस वर्षं मी काय गवत उपटलं? दहापैकी दहा आहेत तिला. माझी सही आहे!"

लेकीने कार्ड पर्समध्ये ठेवून दिलं. आईवर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?

दोन वर्षांनी पोर मोठ्या शाळेत गेली. तिथले गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलत. तबक नाही, टेबल नाही, समोर बसणारी आजी नाही. तिसऱ्या महिन्यात प्रगतिपुस्तक घरी आलं. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, मागे.

या वेळी लेकीने कोणाला विचारलं नाही, थेट कानाचा डॉक्टर गाठला. बाई न बोलावता सोबत गेल्या. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हिला जन्मापासून कमी ऐकू येतंय. समोरून मोठ्याने बोललं तर थोडंफार पोचतं, बाकी ती तोंडाकडे नि हातांकडे बघून ओळखते. चौथ्या वर्षी कोणी तपासलं नाही?"

लेकीने पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते उलटसुलट पाहिलं. "ही सही कोणाची?"

"तिच्या आजीची," लेक म्हणाली. आजी शेजारच्याच खुर्चीत होती, पण लेकीने तिकडे मान वळवली नाही.

"यंत्र बसवू. उपयोग होईल. पण भाषा शिकायची दोन चांगली वर्षं गेली, ती काही परत आणता येत नाहीत. पुष्कळ मेहनत घ्यावी लागेल."

घरी आल्यावर लेकीने पोरीचे कपडे पिशवीत भरले. "उद्यापासून ती दिवसा शिंपिणीकडे राहील. मी विचारलंय तिला. अशा मुलीशी कसं बोलायचं ते तिला कळतं."

हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून बाईंनी फडताळातलं तबक पुसायला काढलं.

नातीने तबक पाहिलं आणि धावत समोर येऊन बसली. बाईंनी काही विचारलं नाही, ओठसुद्धा हलवला नाही. पोरीने मनोरा रचला. मणी ओवले. गोल काढला, कागद कापला, बटण लावलं. चेंडू स्वतःच वर उडवून झेलला आणि खुर्चीवर नेऊन ठेवला. एका पायावर उभी राहिली. मग नाव सांगितलं, आणि भूक लागली की काय करतेस, हे कोणी न विचारताच म्हणाली, "देवते."

टाळ्यांची वाट बघत ती आजीच्या हातांकडे पाहत राहिली.

पिशवी हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या लेकीने विचारलं, "किती आले, आई?"