परमिटावरचे पाच नंबर

माझ्या नवऱ्याने आफ्रिकेतून पाठवलेल्या परमिटावर पाच नंबर होते, आणि त्यांतला खरा कोणता यावर आमच्या घरात तीन दिवस भांडण चाललं. भांडायला माणसं दोनच, मी आणि माझे सासरे, पण दोघंही हटणारे नव्हतो.

गांधीबागेत कापडाच्या ठोक बाजारामागे आमच्या दोन खोल्या होत्या. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात. लग्नानंतर आठ महिन्यांनी ते बोटीत बसले, वर्षाच्या आत बोलावून घेतो म्हणाले, आणि तेवढ्यात लढाई पेटली. बोटी बायकामाणसांना घेईनात, पत्रं सरकारी कात्री लागून येऊ लागली आणि एका वर्षाची सहा वर्षं झाली. म्हणजे नवऱ्याजवळ मी आठ महिने राहिले होते आणि सासऱ्यांजवळ सहा वर्षं. नवऱ्याचा चेहरा आठवायला मला फोटो काढून बघावा लागे. मामंजींचा खोकला मात्र मी गल्लीच्या तोंडाशीच ओळखत असे.

मामंजींनी तीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्डखान्यात काढली होती. पेन्शनीत निघाले तरी त्यांची कचेरी काही सुटली नाही. घरात त्यांनी आवक-जावकाचं रजिस्टर ठेवलं होतं. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर पडायचा, मग तारीख, मग मजकूर थोडक्यात. कुहीहून माझ्या वडिलांचं कार्ड आलं, की धानाचं रोवणं आटोपलं आणि म्हैस व्यायली, तर त्यालाही नंबर. आधी नंबर, मग वाचन. मी चुलीपुढून ओरडायची, "मामंजी, आदी सांगा ना, समदे बरे आहेत का?" तर म्हणायचे, "थांब वं. बिननंबरचा कागद मंजे बेवारस." माझा राग नाकावर असे. पण त्यांच्यावर रागावणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं. ते हसायचे आणि टीपकागद मागायचे.

मला इंग्रजी त्यांनीच शिकवलं. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. नवऱ्याकडे जाशील तर तिथे पाट्या तरी वाचता आल्या पाहिजेत, म्हणून रोज दुपारी ते मला जुन्या वर्तमानपत्रातून वाचायला बसवत. चुकलं की कपाळावर हात मारत, आणि बरोबर आलं की खिशातून संत्र्याच्या फोडी काढून देत, जशी काही मी पाच वर्षांची होते.

लढाई संपली आणि परमिट आलं. या बाईला नवऱ्याकडे येऊ द्यावं, मात्र एका वर्षाच्या आत, असं तिकडच्या सरकारने लिहिलं होतं. मी गल्लीत साखर वाटली. मामंजींनी रिवाजाप्रमाणे नोंद केली आणि कागद पत्र्याच्या पेटीत ठेवला. पण बोटीत जागा कुठे होती? परतणाऱ्या पलटणींनीच बोटी भरलेल्या. वाट बघण्यात सात-आठ महिने गेले. तेवढ्यात मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, पिकल्याशिवाय काढता येत नाही. रजिस्टर बंद पडलं. पेपर मी वाचून दाखवू लागले. एकदा त्यांनी चहात साखर समजून मीठ घातलं आणि चूक कबूल करायची नाही म्हणून तो चहा पिऊनही टाकला.

मग मुंबईच्या बोटकंपनीचं पत्र आलं, की पासपोर्ट हातात असेल तर जागा देतो. पासपोर्टाचा फॉर्म आणला. त्यात एक रकाना होता: परमिटाचा नंबर. मी पेटीतून परमिट काढलं आणि आमचं भांडण सुरू झालं.

"वाच बरं वं, वरून खालपावेतो," मामंजी म्हणाले.

सगळ्यात वर उजवीकडे लाल शाईने, हाताने लिहिलेला, मध्ये तिरपी रेघ असलेला एक नंबर. अक्षर असं वळणदार की नुसतं बघत राहावं. डाव्या कोपऱ्यात बारीक छापील नंबर. मधोमध टाइप केलेला, सालासकट लांबलचक तिसरा. नवऱ्याच्या नावापुढे चौथा. आणि तळाशी सहीला चिकटून जांभळ्या शिक्क्याचा पाचवा, तिरका, अर्धा फिस्कटलेला.

मामंजींनी भिंग लावून कागद नाकाशी धरला. मग डोळे मिटून बोलू लागले. "छापील नंबर छापखान्याचा. तो कागदाचा, माणसाचा नाही. लांबलचक आहे तो फायलीचा. नावापुढचा पोराच्या पासपोर्टाचा. खालचा शिक्का डाकेचा. आवकेचे कारकून असाच वाकडातिकडा मारतेत, मले मालूम आहे. मंग राह्यला कोणता?"

"लाल."

"लाल शाई कचेरीत कोण वापरते? साहेब. कारकुनाले त्या दौतीले हात लावाची बंदी. साहेबानं स्वताच्या हातानं नंबर टाकला, मंजे तोच परमिटाचा."

मला शिक्क्याचा नंबर खरा वाटत होता, कारण तो सहीला लागून होता. तीन दिवस मी तेच म्हणत राहिले. शेवटी ते म्हणाले, "तीस वर्षं रेकॉर्डात तू होती का मी?" मी लाल नंबर लिहिला. अस्सल कागद हातचा सोडायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. म्हणून परमिटाची नक्कल मीच उतरवली, त्यांनी खाली 'बरहुकूम नक्कल' म्हणून सही ठोकली, आणि आम्ही टांग्याने सिव्हिल लाइनीतल्या कचेरीत जाऊन सगळं देऊन आलो.

दोन महिन्यांनी सरकारी लिफाफा आला. या नंबरचं परमिट कोणालाही दिलेलं नाही, असं नैरोबीहून कळलं आहे. अर्जदाराने अस्सल कागद घेऊन हजर व्हावं. मी परमिट काढून तारीख बघितली. परमिटाची मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. आणि नवऱ्याने शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, की तिकडे नवे कडक नियम येऊ घातले आहेत. आता आलीस तर आलीस, पुढचं सांगता येत नाही. मी कोराडीच्या देवीला नवस बोलले. मामंजी संतापून फेऱ्या मारत होते. "तिकडचा रेकॉर्डवाला गाढव आहे," म्हणत होते. "मी तक्रारअर्ज सांगतो, तू लिही." मी म्हटलं, आधी मी जाऊन येते.

कचेरीच्या खिडकीतला कारकून चाळिशी उलटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने परमिट हातात घेतलं, वर बघितलं, उजेडाकडे धरलं, आणि त्याच्या मिशीतून हसू फुटलं.

"बाई, तुमचे सासरे रेकॉर्डात होते काय?"

"हो. काहून?"

"हा सात पाहा. ह्या साताची शेपटी पाहा. माह्या बोटावर पट्टी मारून त्यायनं मले असा सात शिकवला. आठ वर्षं मी ह्या अक्षराखाली काढली." मग तो हळूच म्हणाला, "हा आफ्रिकेचा नंबर नाहीच. हा तुमच्या घरचा आवक नंबर आहे. परमिटाचा तो खालचा, शिक्क्याचा."

मला लख्ख आठवलं. पेन्शनीत निघाल्यावर मामंजींनी बाजारातून पहिली वस्तू आणली होती ती लाल शाईची दौत. तीस वर्षं जिला हात लावता आला नव्हता ती. घरच्या कार्डांवर ते साध्या शाईने मराठी आकडे टाकत, ते अक्षर मी ओळखत होते. हे कचेरीतलं इंग्रजी वळण कधी नीट बघितलंच नव्हतं. आणि त्यांना स्वतःला ते ओळखू आलं नाही, कारण डोळे गेलेले आणि अक्षर थेट सरकारी. स्वतःच्याच हाताला ते साहेब समजून बसले होते.

आज हे सांगताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापून तवा झालं होतं. मामंजी दारातच उभे.

"काय म्हणे?"

"म्हणे, साहेबाचं अक्षर लय सुंदर आहे," मी म्हटलं, आणि मग जे सुटले ते थांबलेच नाही. त्यांचं रजिस्टर काढलं, ती नोंद सापडवली, मुद्दाम मोठ्याने वाचली. नंबर तोच. "तुमच्या ह्या रजिस्टरापायी माहा संसार बुडाला! ज्याले त्याले नंबर! आता मलेही एक नंबर द्या आन् ठेवा पेटीत!"

मामंजी मागे वळले. भिंतीला हात लावत लावत बाजेपर्यंत गेले आणि बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. मी हट्टाने माझं ताट वाढून घेतलं, पण दुसऱ्या घासापुढे गेले नाही. बोट धरून ज्याने मला एबीसीडी शिकवली त्या माणसाला मी काय काय बोलले होते! मला माझी इतकी लाज वाटली की ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामंजी अंगात बंद गळ्याचा कोट घालून तयार. कोटाला डांबरगोळ्यांचा वास, आणि एक बटण चुकून वरच्या काजात. मी ते सोडून नीट लावलं.

"लिही," ते म्हणाले. "चूक कारकुनाची आहे. कारकुनानं लेखी द्या लागते."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सदर लाल क्रमांक माझ्या हातचा असून तो खाजगी नोंदीचा आहे. तो परमिटाचा समजण्यात माझी चूक झाली. अर्जदार बाईचा त्यात काही दोष नाही. शेवटचं वाक्य मी गाळत होते. त्यांनी कागद परत वाचायला लावला आणि ते घालायला लावलं.

खिडकीशी आम्हाला बघताच कारकून उठून उभा राहिला. "साहेब, आत या, खुर्ची घ्या."

"आज मी अर्जदाराकडून आलो," मामंजी म्हणाले. "खिडकीतच उभा राह्यतो."

"एवढं लेखी कशाले साहेब, मी आकडा बदलून टाकतो ना."

"खाडाखोड करू नोको गा. कागद घे, शिक्का मार." मग जरा थांबून म्हणाले, "खरा नंबर शिक्क्याचा निघाला नं? सूनबाई पहिल्या दिवसापासून तेच म्हणून राहिली होती. मी आयकलं नाही."

कारकुनाने आजच नैरोबीला तार करतो म्हणून कबूल केलं. पण दुरुस्तीसोबत एक नवा फॉर्म लागत होता. तो घरच्या कर्त्या माणसाने सहीनिशी भरून द्यायचा. बाजूच्या मेजावर आम्ही तो घेऊन बसलो. मी प्रश्न वाचायची, मराठीत सांगायची, ते उत्तर द्यायचे आणि मी लिहायची. नाव, नातं, पत्ता. मग एक प्रश्न आला आणि मी थांबले.

"काय आहे?"

"बाईच्या भरवशावर इथं कोणी आहे का, असन तर त्याची काय सोय केली, असं पुसून राहिले."

खिडकीतून कारकून दबक्या आवाजात म्हणाला, "तिथं कोणाचं नाव आलं का चौकशी लागते, साहेब. दोन महिने कुठंच गेले नाही."

आमच्याजवळ पाच आठवडे होते. मी मामंजींकडे बघितलं. त्यांना टांग्यातून उतरताना मी हात धरून पायरी दाखवली होती. सकाळी डोळ्यांत औषधाचे थेंब मी घातले होते. अंघोळीचं पाणी विसणून देणारी मी, वरणातली मिरची शोधून बाजूला काढणारी मी. मी गेल्यावर गल्लीतलं कोणी येऊन चार भाकरी टाकून जाईल, एवढीच काय ती सोय होती, आणि तीही अजून कोणाशी बोललेली नव्हती.

"पेन आण," ते म्हणाले. "जागा कुठं आहे? माहं बोट ठेव तिथं."

मी त्यांचं बोट रकान्यावर ठेवलं. ते खाली वाकले आणि त्यांनी सावकाश, त्याच वळणदार अक्षरात, चार अक्षरांचा एक इंग्रजी शब्द लिहिला. कोणी नाही, असा त्याचा अर्थ. खाली सही केली.

"वाच बरं. बराबर आलं का?"

"बराबर आलं," मी म्हटलं.

खाडाखोडसुद्धा न खपणाऱ्या माणसाने सरकारी कागदावर खोटं लिहिलं होतं. ते मला कळलं होतं, कारकुनालाही कळलं असावं, कारण तो दुसरीकडे बघत होता. पेन आता माझ्या हातात होतं. एक रेघ मारली असती तरी पुरलं असतं. हा माणूस माझा किती आहे, हे सहा वर्षांत कळलं नव्हतं तितकं त्या मेजाशी कळलं. पण मला जायचं होतं. मी शाई वाळेपर्यंत थांबले आणि कागद खिडकीतून आत दिला.