भुईकाट्याचे तीन खड्डे

नाशिकला, अंबडच्या ऑफिसात, माझ्याच टेबलावर बसलेली चूक मी देवळ्याजवळ जमीन खणून शोधत होतो. एक नाही, तीन खड्डे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या छोट्याशा कंपनीने भुईकाट्यासाठी, म्हणजे भरलेली गाडीच तोलणाऱ्या काट्यासाठी, वजनाचं मशीन केलं होतं. आतला प्रोग्रॅम माझा. पहिलंच मशीन देवळ्याजवळच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे बसलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. मशीनच्या पडद्यावरचा आकडा बरोबर, पण छापील पावतीवर ट्रॅक्टरचं वजन आगगाडीएवढं! "सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर मशीन उचलून न्या," व्यापारी म्हणाला.

मी धावलो. काट्यावर बसणारे काका म्हणाले, "भाऊ, तीन पावत्या चुकत्यात, चौथी बरोबर येती. पुन्हा तीन चुकत्यात."

मी मोठ्या मनाने हसलो. मशीन काय ट्रॅक्टर मोजत बसतं? "काका, अर्थिंग खराब आहे," मी जाहीर केलं आणि अर्थिंगसाठी नवा खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरला. मग पलीकडे दुसरा. तिसऱ्यात तर दुप्पट मीठ ओतलं. पावत्या जशाच्या तशा.

रविवारी ऑफिसात, निरुपाय म्हणून, काकांचं खरं धरलं आणि देवळ्याला पाठवलेलाच प्रोग्रॅम घालून ओळीने चार वजनं टाकली. तीन चुकली, चौथं बरोबर!

पावती मेमरीतल्या नोंदीवरून छापली जायची. प्रत्येक नोंदीला पाच घरं होती: एकात मालाचं अक्षर, पुढच्या चारांत वजन. आमची चिप चार घरं एकदम वाचायची, पण सुरुवात चारच्या पाढ्यातल्या घरापासून हवी. मधूनच वाचलं की आकड्यांची खिचडी. घरं शून्यापासून मोजायची, त्यामुळे वजनं १, ६, ११, १६ या घरांपासून सुरू व्हायची; पाढ्यात बसायचं ते फक्त चौथं. म्हणून 'एकेक घर वाच' असं मी प्रोग्रॅममध्ये बजावलं होतं. ते चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर मात्र, वेग वाढवायचा पर्याय चालू केला की, माझं बजावणं विसरून चारही घरं एकदम उचलायचा. ऑफिसातल्या चाचणीत तो पर्याय मी बंद ठेवला होता. देवळ्याला मशीन पाठवताना हौसेने चालू केला.

तरी मी खुर्चीतून उडीच मारली. चूक कंपायलरची होती, माझी नव्हे!

सोमवारी पर्याय बंद केलेला प्रोग्रॅम घातला. आठ ट्रॅक्टर, आठही पावत्या बरोबर. मशीन राहिलं. मी ऐटीत काकांना म्हणालो, "बघा, माझी चूक नव्हतीच."

काकांनी तिन्ही खड्ड्यांवरून नजर फिरवली.

"भाऊ, मशीन तीनदा चुकून चौथ्यांदा तरी आपलं आपण बरोबर यायचं. तुम्हाला तेबी सांगावं लागलं."