बाबा पलटणीचे स्वयंपाकी होते

बाबा बावीस वर्षं पलटणीत स्वयंपाकी होते. "तुझे बाबा सैन्यात काय करतात?" असं शाळेत कुणी विचारलं की मी "स्वयंपाक" म्हणून मोकळी व्हायचे आणि वर्ग हसायचा. एकदा सुट्टीवर आले असताना मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "हसू देत. हसणाऱ्यांना दोन दिवस उपाशी ठेव, मग विचार." आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता, पण तो कुणाला पटवून द्यावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा मी अकरावीत होते. तोवर घर म्हणजे आई आणि मी. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. आम्ही दोघी उशिरा उठायचो, घाईत आवरायचो, कधी एकाच ताटात जेवायचो, तर कधी कंटाळा आला म्हणून चहा-पावावर भागवायचो. त्या दोन खोल्यांत आमचं छान चाललं होतं.

चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून बाबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या, प्रत्येकीवर डबा भरल्याची तारीख. सुऱ्यांना धार लागली आणि त्या लांबीप्रमाणे भिंतीवर ओळीत टांगल्या गेल्या. सकाळचं खाणं सहाला, रात्रीचं जेवण सातला. सातला पाच कमी असताना पातेल्यावर पळीचे दोन ठोके पडायचे. भाजी इतकी व्हायची की शेजारच्या तिन्ही घरांत वाट्या जायच्या.

"तिघांचा अंदाज येत नाही अजून," बाबा म्हणायचे. "दोनशेंचा सांग, डोळे मिटून करतो."

आई महिनाभर काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी ती दुकानातून आली, दारात चपला काढत होती आणि आतून पळी वाजली. ती तशीच आत गेली, बाबांच्या हातातली पळी घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"अहो, मला आत्ता भूक नाहीये."

"सात वाजत आले," बाबा म्हणाले.

"वाजू देत. घड्याळाला भूक लागली असेल तर त्याला वाढा."

"मग तू जेवणार कधी?"

"लागेल तेव्हा. आणि काय खायचंय ते एकदा तरी विचारा. महिना झाला, एकदाही विचारलं नाहीत."

"पलटणीत असं विचारत नाहीत गं."

"मी पलटण नाही," आई म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. ते म्हणाले, "एकदा दरड कोसळून आमची गाडी अडकली. वरच्या ठाण्यावर जेवण पाच तास उशिरा पोचलं. कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण दिवसभर वाटेकडे डोळे लावून बसलेली ती तोंडं मला अजून दिसतात." वेळ त्यांच्या अंगात का भिनली होती, ते मला त्या दिवशी कळलं. आईला मात्र त्यांनी हे सांगितलं नाही. ते मीच नंतर सांगितलं.

पुढच्याच महिन्यात त्यांना काम मिळालं. जवळच्या इस्पितळाला स्वयंपाकघर सांभाळणारा माणूस हवा होता. खाटा दीडशे. ऐकूनच बाबांचा चेहरा उजळला.

तिथे सगळा आनंदीआनंद होता. फरशी ओली, एकाचं झाकण दुसऱ्याच पातेल्यावर, आणि आचारी येतील तेव्हा येणार. बाबांनी पहिल्या दिवसापासून हात धुवायच्या नळापाशी उभं राहून सगळ्यांची नखं तपासायला सुरुवात केली. लोक त्यांना पाठीमागे 'मेजर' म्हणू लागले. सगळ्यात जुन्या आचारीणबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, त्या फणकारल्या, "चाळिशी उलटली माझी. आता पुन्हा शाळेत घालता का?"

बाबांनी आधी स्वतःचे दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. "बघा. माझी ठीक आहेत ना? आता तुमची दाखवा." मावशींना हसू आवरेना. त्यांनी हात पुढे केले.

पंधरा दिवसांत फरशी कोरडी झाली आणि संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला जेवणाच्या गाड्या वॉर्डांत जाऊ लागल्या. पण अस्थिविभागातून ताटं भरलेलीच परत येत. बाबांना हे फार लागलं. पलटणीत ताट चाटून पुसून यायचं. घरी येऊन ते म्हणाले, "मी स्वतः चाखली. भाजी चांगलीच होती."

आई दुकानातून आणलेली एक काच भिंगाखाली तपासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "ज्यांना वाढलीत त्यांना विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी बाबा पांढरी टोपी नीट बसवून वॉर्डात गेले. पहिल्याच खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका पायाला प्लास्टर घालून बसल्या होत्या.

"बाई, जेवण का परत पाठवलंत?"

"पाच वाजता आम्हाला गोळ्या देतात," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तासभर तोंड कडू असतं. तुमचं जेवण वेळेवर येतं हो, पण तुमच्या वेळेवर येतं."

बाबा खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी ते वॉर्डातल्या चाळीसही खाटांपाशी गेले. एका तरुणाच्या उजव्या हाताला सलाईन होतं. त्याला डाव्या हाताने झाकण उघडत नव्हतं आणि तसं सांगायची त्याला लाज वाटत होती. बाबांनी सगळं वहीत लिहून घेतलं.

खाली येऊन त्यांनी अस्थिविभागाचं जेवण साडेसहाला केलं. मावशींची पाळी सहाला संपायची. त्या म्हणाल्या, "मग मागची भांडी कोण घासणार?" "मी," बाबा म्हणाले आणि महिनाभर त्यांनी खरोखरच घासली. पुढच्या महिन्यात मावशींनी आपण होऊन पाळ्या बदलून मागितल्या. नंतर आणखी दोन वॉर्डांच्या वेळा बदलल्या. एका स्वयंपाकघरातून तीन वेगवेगळ्या वेळांना गरम जेवण पाठवणं सोपं नसतं. बाबांना ते जमलं, कारण मिनिटांशी त्यांची जुनी ओळख होती.

मग एका रविवारी चहा पिताना त्यांनी तीच वही आमच्यासमोर उघडली.

"बोला," ते म्हणाले आणि आधी आईकडे वळले. "तुला काय आवडतं?"

"लग्नाला अठरा वर्षं झाली," आई म्हणाली. "आता विचारताय."

"उशीर झाला, मान्य आहे."

आईने बराच विचार केला. "पातळ कापून कुरकुरीत तळलेले बटाटे," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली. बाबांनी ते लिहून घेतलं.

"मला रविवारी नऊपर्यंत झोपायचंय," मी म्हणाले.

"आठ."

"नऊ."

"साडेआठ. शेवटचं." तेही त्यांनी लिहिलं.

इस्पितळात बाबांनी अकरा वर्षं काम केलं. निघताना त्यांनी आपल्या जागेसाठी मावशींचं नाव सुचवलं आणि ते मान्य झालं. बाबा आता सत्तरीकडे झुकलेत. दाढी, व्यायाम, बुटांना पॉलिश, सगळं उजाडायच्या आत उरकतात, पण कुणाची झोपमोड होत नाही. आई म्हणते, "माणूस तोच आहे, फक्त आवाज कमी झालाय."

मागच्या वर्षी दोघं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला गेले. गाडी किती वाजता धरायची ते बाबांनी ठरवलं, परत कधी यायचं ते आईने. आठ दिवसांसाठी गेले होते, एकोणीस दिवस राहून आले.