चुन्याच्या रेघेने पिवळी पडलेली हिरवळ

महाळुंग्याच्या कंपनीत गेटजवळची हिरवळ पिवळी पडली आणि ॲडमिनच्या साहेबांनी ठरवून टाकलं, माळी कामचुकार आहे. तो माळी म्हणजे माझे वडील. पुढच्या शुक्रवारी पाहुणे येणार, तोवर गवत हिरवं दिसलं नाही तर दुसरा माणूस बघा, असं त्यांनी ठेकेदाराला बजावलं. मी त्याच ठेकेदाराकडे सुपरवायझर. बी.एस्सी. ॲग्री. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

वडील युरियाची गोणी घेऊन निघालेच होते. उभा जन्म कांदा केलेला माणूस. पिवळं दिसलं की हात युरियाकडेच जातो. मी अडवलं. खाली बसून चार पाती उपटून दाखवली. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. इथे जुनी हिरवीगार, कोवळी पिवळी, आणि त्यांच्यात बारीक हिरव्या शिरा. म्हणजे लोह कमी. सगळ्यात पिवळा पट्टा होता कडेला, जिथे दर पाहुण्याआधी साहेब चुन्याची पांढरी रेघ मारायला लावतात. तो चुना वर्षानुवर्षं पाण्याबरोबर मातीत मुरला होता. अशा मातीत लोह असूनही गवताला घेता येत नाही.

"चार बुकं वाचून तू मला गवत शिकवती व्हय?" वडील म्हणाले.

"शिकवते. बुकं तुम्हीच घेऊन दिलीत, अण्णा."

हसले नाहीत, पण गोणी खाली ठेवली.

हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणला, लिंबू पिळलेल्या पाण्यात विरघळवला, आणि ऊन उतरल्यावर दोघांनी मिळून फवारला. फरशीवर थेंब पडला तर गंजाचा डाग जात नाही, म्हणून कडेला पोती अंथरली. गुरुवारपर्यंत गवताचा रंग हिरव्याकडे फिरला.

साहेब खूश. म्हणाले, आता चुना मारून घ्या. मी नाही म्हटलं. फवारा वरवरचा आहे, चुना पडला की गवत पुन्हा पिवळं, आणि बोल पुन्हा माळ्याला. इतकी वर्षं मारतोय, तुला काय कळतं, असं त्यांचं सुरू झालं. मी कामाच्या नोंदवहीत चुना न मारण्याचं कारण लिहिलं, सही केली, सहीपुढे डिग्री लिहिली आणि वही त्यांच्यासमोर सरकवली.

"चुना तुमच्या हुकमाने मारला, एवढं लिहून सही करा, साहेब. मग खुशाल मारा."

त्यांनी सही केली नाही. चुनाही पडला नाही. पाहुणे फोनवर बोलत हिरवळीशेजारून निघून गेले, एकानेही खाली पाहिलं नाही. सोमवारी वडील नेहमीच्या शिफ्टला गेले.