घरी जायचंय

माझी भाची सुमन पहिलटकरीण. तालुक्याच्या दवाखान्यात कळा वाढल्या, तशी ती पलंगावरून उतरली आणि तिने जाहीर केलं, "मला नाही जमणार. मी घरी चालले."

"घाबरू नकोस!" आम्ही सगळे नातलग व्हरांड्यातून ओरडलो. ते इतकं घाबरून ओरडलो की शेजारच्या खोलीतले आजोबा उठून बसले.

बाळंतपणं करणाऱ्या लतासिस्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "चल, जाऊ. चपला घाल."

आणि दोघी खरंच निघाल्या! मी तर पिशवीसुद्धा उचलली. कळ आली की सुमन भिंतीला टेकायची आणि सिस्टर तिची कंबर चोळायच्या. "श्वास सोड, बाई. हं, गेली बघ. चल आता." फाटकापाशी पोचलं की म्हणायच्या, "अजून एक चक्कर मारू, मग निघू."

चालण्याने बाळ खाली सरकतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण मी बघत होतो ते वेगळंच. भ्यालेल्या माणसाला आपण लगेच धीर देतो, कारण त्याची भीती आपल्यालाच सोसत नाही. त्या भीतीबरोबर चार पावलं चालावं, हे मला पन्नाशीपर्यंत सुचलं नव्हतं.

चौथ्या चकरेला सुमन प्रसूतीच्या खोलीच्या दारात थांबली. सिस्टरचा खांदा तिने घट्ट धरला होता.

"सिस्टर, आता नको घरी. इथंच थांबू."

"बरं बाई," सिस्टर अगदी साळसूदपणे म्हणाल्या, "तू म्हणशील तसं."