शिळ्या भाकरीचा तुटवडा

आमच्या घरात कधी काही उरत नसे. हे कौतुक नाही, तक्रार आहे.

पंचवटीतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघे राहायचो: आई, वडील, मी आणि धाकटा भाऊ. आई परातीत पीठ घेण्याआधी प्रत्येकाला विचारायची, "किती?" कोर्टात साक्ष द्यावी तसं उत्तर द्यावं लागे. दोन म्हटलं की दोन भाकरी. मग भूक मेली तरी त्या संपवायच्या. भूक खवळून तिसरी मागितली, तर "विचारलं तेव्हा तोंड कुठे गेलं होतं?" तूप कढवल्यावर बेरी खायची, आणि बेरी संपल्यावर त्याच कढईत पोळीचा तुकडा पुसून आई आमच्या हातावर ठेवायची. वर म्हणायची, "घ्या, राजेशाही थाट!"

वडील सरकारी कचेरीत कारकून होते. पगार पहिल्या आठवड्यात घरी यायचा आणि तिसऱ्या आठवड्यात घाईतल्या पाहुण्यासारखा चहासुद्धा न घेता निघून जायचा.

आईला आयुष्यात एकच वस्तू हवी होती. प्रेशर कुकर. रॉकेल रेशनवर मिळायचं आणि तूरडाळ होती हट्टी. स्टोव्हला पंप मार, पातेल्यावर पाण्याचं झाकण ठेव, ते पाणी गरम झालं की डाळीत ओत, पुन्हा पंप मार. सगळी सकाळ त्या डाळीची मनधरणी करण्यात जायची. दर दिवाळीला आई भांड्यांच्या दुकानात जाऊन कुकर हातात घेऊन बघायची, झाकण फिरवायची, शिटी उचलून वजन करायची आणि उलथनं विकत घेऊन परत यायची. कुकरसाठी पैसे बाजूला टाकायचे तर घरखर्चातूनच टाकायचे, आणि घरखर्च तिने आधीच इतका पिळला होता की आणखी थेंब निघणं शक्य नव्हतं.

आणि अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराच्या एका उन्हाळ्यात महिला मंडळाच्या फळ्यावर सूचना लागली. स्पर्धा. विषय: उरल्यासुरल्यातून केलेला काटकसरीचा पदार्थ. पहिलं बक्षीस: प्रेशर कुकर.

आई घरी आली ती कुकर काखेत असल्यासारखीच. "आपल्याशिवाय आहे कोण?" ती म्हणाली. खरंच कोण होतं? काटकसरीत तिचा हात धरणारी बाई गोदावरीच्या दोन्ही काठांवर नव्हती. पदार्थही लगेच ठरला. शिळी भाकरी कुस्करायची, त्यात कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरा भाग किसून घालायचा, मूठ वळेल एवढंच डाळीचं पीठ, तिखटमीठ, आणि उकडून वड्या. "दोन्ही फेकायच्या वस्तू," आई म्हणाली. "बघतेच आता."

ती शिंकाळ्यातली टोपली काढायला गेली आणि तिथेच थांबली. टोपलीत भाकरी नव्हती. कशी असणार? आमच्या घरात शिळी भाकरी असायला आधी भाकरी उरायला हवी होती.

अख्ख्या नाशकातली सगळ्यात काटकसरी बाई, आणि तिच्याकडे उरलेलं काहीच नाही! दुसऱ्या कुणी हात टेकले असते. आईने त्या रात्री चार भाकरी जास्त थापल्या.

भाऊ हात पुढे करतो न करतो तोच ती ओरडली, "हात लावू नकोस! ती शिळी व्हायची आहे!"

वडिलांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "अगं, ताजी आहे तोवर खाल्ली तर?"

"मग उद्या शिळी कुठून आणू? तुमच्या कचेरीतून?"

भाऊ पाणी पिऊन झोपला. त्याच्या डोक्याशी टोपलीत चार गरम भाकऱ्या शिळ्या होत पडल्या होत्या. यापेक्षा मोठा अन्याय त्याने पुढे आयुष्यात पाहिला नाही, असं तो आजही सांगतो.

मग कलिंगड. एरवी आमच्याकडे उन्हाळ्यात एक कलिंगड यायचं, आणि ते हिरवी साल दिसेपर्यंत खरवडून खायचा दंडक होता. आता एक दिवसाआड नदीकाठच्या बाजारातून कलिंगड यायला लागलं. पहिल्या दिवशी आम्ही नाचलो. पण खाताना आई काठी घेतल्यासारखी समोर बसलेली. "पांढऱ्याला दात लावायचा नाही! बोटभर ठेव, बोटभर!" ज्या पांढऱ्या भागासाठी आजवर बोलणी खाल्ली, तोच आता दागिन्यासारखा जपायचा. तिसऱ्या कलिंगडापासून आम्हाला लाल रंग बघवेना. आणि रोज रात्री वड्या! कधी पचपचीत, कधी मीठ जास्त, कधी इतक्या कडक की वडिलांनी एक वडी टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सरकवून पाहिली.

"या महिन्यात तुझ्या काटकसरीला फार खर्च येतोय," ते म्हणाले.

"कुकर आला की भरून निघेल," आई म्हणाली. "आणि ती वडी काढा पायाखालून, अजून एका वेळेची आहे."

स्पर्धेच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलावर पंचवटीभरचं उरलंसुरलं मांडलं होतं. आमच्या शेजारीच समोरच्या घरातल्या काकू. त्यांनी दोडक्याच्या शिरांची चटणी आणली होती. त्यात दोडक्याच्या शिरा शोधाव्या लागत होत्या. बाकी सगळे तीळ, शेंगदाणे आणि खोबरं. परीक्षक बाई कॉलेजात गृहशास्त्र शिकवायच्या. त्यांनी काकूंना विचारलं, "खर्च किती आला?"

"खर्च कसला बाई," काकू लाजून म्हणाल्या, "सगळं घरातलंच!"

टाळ्या. मग बाई आमच्यापुढे आल्या. वडी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणखी एक उचलली. मी आईचा पदर घट्ट धरला. कुकर आमचाच होता.

"सुंदर!" बाई म्हणाल्या. "आणि हे तर फुकटच की! शिळी भाकरी, कलिंगडाची साल..."

आईने नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर! मी तिला चिमटाही काढला.

"फुकट कसं?" आई म्हणाली. "पीठ फुकट येतं का? गिरणीवाला फुकट दळतो का? स्टोव्ह काय हवेवर पेटतो?"

"तसं नाही हो, पण उरलेली भाकरी म्हणजे..."

"उरली नव्हती. मुद्दाम जास्त केली."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मुद्दाम? आणि कलिंगड?"

"तेही मुद्दाम आणलं. एक नाही, बरीच आणली. वडी जमेपर्यंत वेळ लागतो ना!" आणि मग तिने भाकरी, कलिंगडं, डाळीचं पीठ, रॉकेल असा सगळा खर्च खड्या आवाजात मांडला. पहिल्यांदा मागच्या खुर्च्यांमधून हसू फुटलं, मग अध्यक्षबाईंनी तोंडाला पदर लावला, शेवटी परीक्षक बाईसुद्धा हसल्या. आई मात्र हसली नाही. हिशोबात हसण्यासारखं काय असतं, हे तिला कळतच नव्हतं.

कुकर काकूंना मिळाला. आईला उत्तेजनार्थ चहाचं गाळणं.

घरी येताना मी रडत होते. "हो म्हणायला काय झालं होतं?"

"घरातलं म्हणजे फुकट, असं एकदा म्हणायला लागलं की घर बुडतं," आई म्हणाली आणि गाळणं उजेडाकडे धरून त्याची भोकं तपासायला लागली.

पुढच्याच आठवड्यात समोरच्या घरातून पहिली शिटी झाली आणि तिच्या मागोमाग काकू रस्त्यावर आल्या. "वहिनी, धावा! फुटतंय ते!" आई धावली, स्टोव्ह बंद केला, वाफ जाऊ दिली आणि झाकण उघडलं. डाळ अशी मऊ शिजली होती की आईला तिथून हलवेना.

काकूंनी पुन्हा कुकर पेटवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन डबे आणि कुकर घेऊन आमच्याकडे यायला लागल्या. त्यांची डाळ खाली, आमची वर. आणि रोज सकाळी शिटीच्या आधी भांडण.

"रॉकेल माझं जातं हो," आई म्हणायची.

"आणि कुकर कुणाचा झिजतो?" काकू म्हणायच्या.

असं वर्षभर चाललं. मग काकूंच्या यजमानांची वणीला बदली झाली. टेम्पोत सामान चढलं तरी काकू कुकर घेऊन आमच्या दारात उभ्या. "ठेवा तुम्हालाच. तिकडे मला कोण शिजवून देणार?"

झालं! आयुष्यभर हवी असलेली वस्तू दारात चालत आली होती. आणि आई म्हणाली, "फुकट नको."

"अहो, भेट म्हणून!"

"भेट असो नाहीतर काही असो. काय घेणार बोला."

"एक रुपया द्या."

"एक रुपयात कुकर येतो? मला काय वेडी समजलात?"

बाजारात घासाघीस करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. पण घेणारी भाव वर नेते आहे आणि देणारी खाली ओढते आहे, अशी घासाघीस मी तेवढीच पाहिली. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता, काकूंचे यजमान घड्याळ बघत होते, वडील कपाळाला हात लावून पायरीवर बसले होते. शेवटी आई आत गेली आणि वर्षाच्या पापड-कुरडयांनी भरलेला पत्र्याचा मोठा डबा उचलून तिने टेम्पोत ठेवला. आम्ही दोघं भावंडं डोळे फाडून त्या डब्याकडे बघत राहिलो.

त्या वर्षी सणावारालासुद्धा आमच्या ताटात पापड नव्हता. डाळ मात्र झटपट व्हायची, आणि शिटी झाली की आई कमरेवर हात ठेवून, ती आपल्याच नावाने वाजल्यासारखी ऐकत उभी राहायची.

नवरात्राआधी कुकरची रबराची रिंग गेली. आईने मनातल्या मनात सगळा व्यवहार पुन्हा तपासला आणि देवीच्या गडावर निघालेल्या बायकांबरोबर वणीला निरोप धाडला: कुकर जुना निघाला, तेव्हा अर्धा डबा पापड परत पाठवा. आम्ही दोघांनी रोज दाराकडे डोळे लावले.

बायका परत आल्या त्या काकूंचा उलट निरोप घेऊन. पापड संपले, फार छान होते, पुढच्या वर्षी खार जरा कमी घाला, आणि रिंग सोबत पाठवली आहे.

ती रिंग कुकरला मोठी होत होती. वडिलांनी चपला घातल्या आणि ते भांड्यांच्या दुकानाकडे निघाले.