सोलर पाहण्याचा कार्यक्रम

समस्त वाचकवर्गास अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या एप्रिलमध्ये, भर उन्हात, प्रस्तुत लेखकाने गोंदिया जिल्ह्याचा अभ्यासदौरा केला. दौऱ्याचा विषय : घरगुती सौरऊर्जा. दौऱ्याचे तातडीचे फलित : दोन्ही तळपायांना फोड. शिष्टमंडळात तीन सदस्य होते. एकीला सोलर हवं होतं, एकाला काही ठरवायचंच नव्हतं, आणि तिसरा मी, ज्याला सोलरमधलं ओ की ठो कळत नाही.

तरी मला पुण्याहून बोलावून घेतलं, याचं कारण ऐका. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे आणि मी त्या पाण्याने रोज आंघोळ करतो. एवढ्या भांडवलावर माझी थोरली बहीण विमलताई हिने मला घराण्यातला सोलरतज्ज्ञ नेमून टाकलं. मी फोनवर सांगून पाहिलं की पाणी तापवणं वेगळं आणि वीज तयार करणं वेगळं. ताई म्हणाली, "ऊन तं एकच हाये ना बाबू? मंग ये." पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'बाबू' म्हटलं की त्याचं सगळं ज्ञान गळून पडतं. मी तिकीट काढलं.

प्रकरण साधं होतं. ताई गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. उन्हाळ्यात तिथली वीज जाते, आणि जाते ती माहेरी गेल्यासारखी, लगेच परतत नाही. दोन वर्षांपूर्वी भाऊजींना, म्हणजे टेकचंदरावांना, ऊन लागून भोवळ आली. तेव्हापासून त्यांच्या मुलाने, रायपूरला नोकरीला असलेल्या मुकेशने, फर्मान काढलं : जिथे रात्री पंखा फिरत नाही तिथे तुम्ही दोघं उन्हाळ्यात राहायचं नाही. मागचा उन्हाळा ताईने रायपूरच्या सहाव्या मजल्यावर काढला. तिथे कोंबडं नाही, शेजारीण नाही, आंगण नाही, खाली वाकून पाहिलं तर फक्त मोटारींची टपं. "तीन महिने भिंत पाहून राहिली होती मी," असं ती सांगते. यंदा तिने मुलाकडून कबूल करून घेतलं होतं की घरी सोलर लागलं आणि पंखा फिरला, तर ती आपल्या घरीच राहील. नाही लागलं, तर मे लागायच्या आत सामान बांधायचं. म्हणजे ताईचा अख्खा उन्हाळा एका पंख्याला लटकला होता.

गोंदिया स्टेशनवर उतरलो तर बाहेर सगळा हिंदीचा गजर. "कहाँ जाना है साब? गोरेगाव? आमगाव? बैठो!" इतक्यात भाऊजी आपली जुनी व्हॅन घेऊन अवतरले. या व्हॅनचं मागचं दार आतून उघडत नाही आणि पुढचं बंद होत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे, मध्येच आटत चाललेली एखादी बोडी (छोटा तलाव), आणि उघड्या खिडकीतून येणारा मोहफुलांचा गोड, जड वास. मी हरखून गेलो. भाऊजी म्हणाले, "सालेसाब, वासावर नोका जाऊ. ऊन पाहा. असं ऊन रायपूरलेबी पडते, पन तिथं घरात येत नाई."

घरी ताईने लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते. पहिला वडा तोंडात जातो न जातो तोच दौऱ्याची रूपरेषा सांगण्यात आली. दुकानात जाऊन सोलर विकत घेणं ताईला मंजूर नव्हतं. आधी ज्यांच्याकडे लागलंय त्यांच्या घरी जायचं, पाहायचं, चहा घ्यायचा. आणि मग शेजाऱ्याकडे चौकशी करायची.

"शेजाऱ्याकडे काऊन?" मी चुकून विचारलं.

"सोयरीक करतानी पोरीच्या बापाले पुसतेत का, पोरगी कशी हाये मनून? शेजारणीले पुसतेत."

"ताई, ही लोखंडाची आणि काचेची वस्तू आहे."

"मंग तं अजून पुसाव लागते. लोखंड काई लाजून खरं बोलत नाई."

पहिलं स्थळ गोरेगावचं. बाजाराचा दिवस होता. एसटी, मोटरसायकली आणि मिरचीची पोती यांच्यामधून वाट काढत आम्ही एका कापड दुकानदाराच्या दुमजली घरी पोचलो. शेठ अत्यंत आनंदी माणूस. "आओ साब, बिल तो झीरो! एकदम झीरो!" असं तो पाणी देताना एकदा, चहा देताना एकदा आणि जिना चढताना प्रत्येक वळणावर म्हणाला. गच्चीच्या दारात त्याने मला थांबवलं. "चप्पल काढा जी. लक्ष्मी आहे." पाहतो तर खरंच, निळ्या काळ्या पाट्यांच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, खाली उदबत्तीची राख. मी भाविकपणे चपला काढल्या आणि दुपारी दीडच्या सुमारास, एप्रिलमध्ये, गोरेगावच्या सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवला.

मी आजवर कधी नाचलो नव्हतो. माझ्या लग्नातसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र जे काही नाचलो ते पाहायला शेजारच्या दोन गच्च्यांवर माणसं जमली. शेठ भारावून म्हणाला, "साब, आपने तो आरती कर दी!" भाऊजी सावलीत दारातच उभे होते. तिथूनच त्यांनी निकाल दिला, "छत लय उंच हाये. आपलं बुटकं हाये. आपल्याले जमनार नाई."

ताई तोपर्यंत शेजारणीकडून परतली होती. शेजारणीचं म्हणणं एवढंच की शेठ रोज सकाळी पाट्या धुतो आणि सगळं पाणी तिच्या आंगणात येतं. म्हणजे दिवसभराच्या संशोधनातून निष्पन्न काय, तर माझे पाय भाजले आणि शेजारणीचं आंगण ओलं.

रात्री मी ताईला म्हटलं, आता बास, सोलर चांगलंच असतं, घेऊन टाका. भाऊजी म्हणाले, "घाई कायले? सडक अर्जुनीले एक हाये. ते पाहू." मला त्यांच्या चिकाटीचं कौतुक वाटलं. मी तेव्हा फारच भोळा होतो.

सडक अर्जुनीला नागपूर-रायपूर महामार्ग आहे, ट्रक आहेत, ढाबे आहेत आणि ट्रकांच्या भोंग्यांमुळे प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं. तिथल्या एका शेतकऱ्याचं घर ढाब्याच्या मागेच. याचंही सोलर झकास, यानेही बिल शून्य. मी या वेळी पायात मोजे घालून गेलो होतो, पण या घरी चपला घालून गच्चीवर जायची पद्धत निघाली. वर त्यांच्या पाटीच्या सावलीत एक कुत्रं आणि एक शेळी शांतपणे झोपली होती. सोलरचा एवढा सरळ उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

भाऊजींनी पाटीचा लोखंडी पाय हलवून पाहिला. हलला नाही. पुन्हा हलवला. मग म्हणाले, "लोखंड पतलं हाये."

आम्ही निघणार एवढ्यात ताई ढाब्यावरून ताडताड चालत आली. ढाबेवाल्याच्या बायकोकडे ती चौकशीला गेली होती.

"का वो भाऊ," ती घरमालकाला म्हणाली, "लाईट जाते तवा तुमी कुठी बसता?"

घरमालक डोकं खाजवत म्हणाला, "ढाब्यावर."

"कायले?"

"त्यायच्याकडे इन्व्हर्टर हाये ना जी."

"आनि तुमचं सोलर?"

"लाईट गेली का सोलरबी जाते," तो म्हणाला, आणि हे इतक्या सहज म्हणाला की जणू सूर्य मावळला की ऊनही जातं.

मी खाटेवर बसलो. त्याने मग नीट समजावलं. घरावर बसवतात ते साधं सोलर रस्त्यावरच्या लायनीला जोडलेलं असतं. दिवसा तयार झालेली वीज लायनीत जाते, म्हणून बिल कमी होतं. पण लायनीत वीज नसली की सोलर स्वतःहून बंद पडतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून मुद्दाम तशी व्यवस्था असते. पंखा चालू ठेवायचा तर बॅटरीवालं सोलर घ्यावं लागतं, आणि ते त्याने घेतलं नव्हतं. ही गोष्ट शेठला माहीत होती, त्याला माहीत होती, बहुधा अर्ध्या जिल्ह्याला माहीत होती. फक्त आम्हाला कोणी सांगितली नव्हती, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही बिल विचारत होतो.

व्हॅनमध्ये मी शेजारच्या चौकशीला नाक मुरडल्याबद्दल ताईची क्षमा मागितली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सोयरीक हाये ते," एवढंच म्हणाली.

भाऊजी मात्र खुशीत होते. गाडी चालवताना चक्क गुणगुणत होते. "मंग झालं ना! सोलर आपल्या कामाचं नाईच. मुकेशले फोन करा, आपुन येऊन राहिलो मनून."

"बॅटरीवालं पाहू," ताई म्हणाली. गुणगुणणं बंद झालं.

बॅटरीवालं सोलर असलेल्या फुलवंताबाईंचा पत्ता ढाबेवाल्याच्या बायकोनेच दिला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही आमगाव मागे टाकून सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहांच्या वाटेवर निघालो. इथे रान लागतं. सागाची पानं झडलेली, मोहाखाली पहाटेपासून फुलं वेचून झालेली, आणि रस्त्याकडेला पोरी टेंबरं (तेंदूची पिवळी फळं) विकत बसलेल्या. आम्ही पसाभर घेतली. गोड, जरा तुरट, आणि बिया एवढ्या की खाणं कमी आणि थुंकणं जास्त. कचारगडच्या यात्रेच्या दिवसांत या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. आत्ता फक्त आमची व्हॅन होती, आणि तिचं पुढचं दार, जे एका वळणावर आम्हाला सोडून गेलं. मी ते मांडीवर घेऊन उरलेला प्रवास केला.

फुलवंताबाईंचं घर कवेलूचं (कौलारू). छपरावर वजन नको म्हणून सोलरच्या दोन पाट्या आंगणात लोखंडी घोडीवर उभ्या केलेल्या. बाई यात्रेकरूंना जेवण करून घालतात. आम्ही पोचलो तेव्हा गावात सकाळपासून वीज नव्हती, आणि त्यांच्या ओसरीवर पंखा फिरत होता.

ताई त्या पंख्याखाली जाऊन बसली. डोक्यावरचा पदर मागे सारला. मी आयुष्यात प्रथमच माझ्या बहिणीला काहीही काम न करता बसलेलं पाहत होतो.

मांडीवरचं दार पाहून फुलवंताबाईंनी विचारलं, "हे कायले आनलं? आमच्या घराले दार हाये."

जेवायला भात आणि वाळवलेल्या झिंग्यांची भाजी होती. झिंगे म्हणजे तलावातली बारकी कोळंबी, आणि ती भाजी म्हणजे घामाची परीक्षा. बाईंनी सोलरचे दोषही वाढता वाढता सांगून टाकले. कूलर चालत नाही. मिक्सर चालत नाही. ढगाळ असलं की पंखा पहाटे दमतो. बॅटरी म्हातारी होते, मग नवी आणावी लागते. "पन रातभर वारा येते," त्या म्हणाल्या, "अजून का पायजे मानसाले?"

ताई तरीही शेजारी चौकशीला गेलीच. शेजारचं घर एक शेत ओलांडून होतं. परत आली तेव्हा चेहरा उजळलेला. "शेजारीन मनते, गर्मीत तिचे लेकरं इथंच झोपाले येतेत."

मी भाऊजींकडे वळलो. आता छप्पर उंच नव्हतं, कारण पाट्या छपरावर नव्हत्याच. लोखंड जाड होतं. शेजारीण खूष होती. त्यांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं.

"पंखा आवाज करते," ते म्हणाले.

"पंखा नाई जी करून राहिला," फुलवंताबाई म्हणाल्या, "तुमचं पोट करून राहिलं. भात घ्या."

त्यानंतर घरी जे घडलं त्याला चर्चा म्हणतात. मी समजावलं. बॅटरीवाल्याला फोन लावला. त्याने यायची तयारी दाखवली. भाऊजींना आधी अमावास्या आडवी आली, मग व्हॅनचं दार, मग धानाचं पाणी, मग मुकेशला विचारणं. मुकेश फोनवर म्हणाला, "बाबा, मैंने तो हाँ बोल दिया है ना!" भाऊजींना तेवढ्यात ऐकू येईनासं झालं. ताई दर वेळी उठून आत जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची. माझी परतीची तारीख आली तरी त्या घरात ठरलेली एकमेव गोष्ट म्हणजे माझी परतीची तारीख.

दोघं मला गोंदियाला सोडायला आले. गाडी लागलेली होती. मी डब्याच्या दारात उभा राहिलो आणि माझा संयम तिथेच, फलाटावर, सुटला. "भाऊजी, पुण्याहून आलो, पाय भाजून घेतले, तुमचं दार मांडीवर घेऊन जंगल फिरलो! एकदा काय ते सांगा. सोलरमध्ये तुम्हाला खुपतंय तरी काय?"

भाऊजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पोरासारखं तोंड करून म्हणाले, "सोलरमंधी काई नाई जी. मले एसी आवडते. रायपूरले एसी हाये, लिफ्ट हाये, नातू हाये, धानाले पानी द्या मनून कोनी उठवत नाई. इथं सोलर लागलं तं मले कोन नेईल?"

गाडी नागपूरच्याही पुढे गेली तरी माझं हसू थांबेना, आणि चिडचिडही. आम्ही तीन ठिकाणचं लोखंड हलवून पाहिलं, शेजारणींच्या जबान्या घेतल्या, सूर्य, लाइन, बॅटरी सगळ्यांची चौकशी केली. फक्त घरातल्या दोन माणसांना काय हवंय ते वेगवेगळं विचारायचं कोणाला सुचलं नाही. मुकेश म्हणे 'तुम्ही दोघं', मी म्हणे 'तुम्ही दोघं', आणि इतक्या वर्षांच्या संसारात ते दोघंही स्वतःला एकच गाठोडं समजत आलेले. पंखा लागला तर दोघं इथे, नाही लागला तर दोघं तिथे. तिसरा मार्ग इतका सरळ होता की तो सोलरतज्ज्ञाच्या नजरेत येणं शक्यच नव्हतं.

तो ताईला दिसला, गाडी हलली त्या क्षणी. चहावाला, हमाल, शेजारच्या डब्यातली वरात, सगळे वळून पाहतील अशा आवाजात ती ओरडली :

"मंग तुमी एकलेच जा ना जी रायपूरले! पंखा तं मले पायजे!"